पावती जपली, कार्ड फेकलं

(कळमनुरी तालुक्यात एप्रिल २०१२ मध्ये झालेल्या आपल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं एका कार्यकर्त्या बहिणीचं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. मधल्या घोषणा आणि प्रश्नोत्तरं जागा नसल्यामुळे गाळली आहेत.)



कालच्या बैठकीत मला सांगितलं होतं की वनहक्काचे दावे कुठवर आले ते तू मांड. ते सकाळी भाऊंनी मांडलंच आहे, मी परत तेच सांगत नाही. मी दवाखान्यावर बोलणार आहे. हे ऐकून मागं दोघंतिघं उठायला लागले, मला दिसतंय. बसा. बाळंतपणाचं निघालं की आपल्यात गडी माणसं चहाला जातात. पट्टा मिळाला तर कायद्यानं त्याच्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. मंग लेकराच्या कामात एकटीचंच नाव कसं चालंल?

आधी एक पावती सांगते. आमच्या घरी लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माझ्या बाबांची पावती आहे. मी लहान होते तवाची. फॉरेस्टवाल्यानं नांगर जप्त केला अन् दंड घेतला, त्याची. बाबांना लिहिता-वाचता येत नाही, पण ती पावती त्यांनी फेकली नाही. घर गळलं, पेटी गंजली, पावती जपली. २००६ चा कायदा आला तवा सगळ्यांना कळलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला हीच दंडाची पावती कामाला येती. ज्यांनी जपली त्यांचा दावा उभा राहिला. ज्यांनी चुलीत घातली ते आज म्हाताऱ्या माणसांचे जबाब गोळा करत फिरायलेत.

आता माझ्या वहिनीचं सांगते. ती हितंच बसलेली आहे, तिला इचारूनच बोलते.

२०१० चा श्रावण. वहिनीचं दुसरं बाळंतपण. रात्री दहाच्या पुढं कळा सुरू झाल्या. आमची वाडी डांबरी सडकेपासून चार किलोमीटर आत. मधी जंगलाचा तुकडा, त्याच्या अलीकडं ओढा. ओढ्यावर पूल नाही, फरशी सुदिक नाही. फोन लावायला टेकडीवर जावं लागतं, तिथं गेलं तर कधी लागतो कधी नाही. बैलगाडी ओढ्यापर्यंत नेली. पाणी कमरेच्या वर. बाज काढली, चौघांनी खांद्यावर घेतली अन् पलीकडं उतरवली. पलीकडं गेल्यावर तिला पुढं नेता येईना. एका शेतकऱ्याच्या आखाड्यात, खताच्या पोत्यांच्या बाजूला ती बाळंत झाली. सोबत आमच्या वाडीची सुईण होती. तिनं ब्लेड उकळून नाळ कापली, लेकराला लुगड्यात गुंडाळलं. मुलगी होती. लहान होती, रडली बारीक. अंग गार पडत होतं.

पहाटं दवाखान्यात गेलो. कोणता, ते नाव मी घेत नाही, कारण मला एका कुलपाशी भांडायचं नाही. कुलूप होतं. शिपाई म्हणला, सिस्टर तालुक्याला राहतात, आठ-नऊला येतील. जीप केली, आठशे रुपये. पुढच्या दवाखान्यात गेलो तर लेकराला बघून म्हणले, आमच्याकडं सोय नाही, नांदेडला न्या. हिंगोली काय अन् कळमनुरी काय, आपल्या जिल्ह्यात अवघड झालं की सगळ्यांचं बोट नांदेडकडं जातं. आम्ही निघालो. नांदेड यायच्या आधीच लेकरू गेलं. दुपारचे बारा वाजले असतील.

हे मी रडायला सांगत नाही. तुमच्यातल्या अर्ध्या घरांत असं एखादं झालेलं आहे, अन् ते तुम्ही कुणाला सांगत नाही. पुढची गोष्ट ऐका.

दोन महिन्यांनी मी अन् वहिनी उपकेंद्रात गेलो. कुणीतरी सांगितलं होतं, जननी सुरक्षा योजनेत घरी बाळंत झालेल्या दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ५०० रुपये मिळतात, अन् दवाखान्यात झालेल्या आदिवासी बाईला ७००. ही योजना २००५ पासून आहे. सिस्टरनं रजिस्टर काढलं. वहिनीचं नाव होतं. दोन इंजेक्शनं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, सगळ्यावर टिकमार्क. पुढचा रकाना कोरा. ना जन्म, ना मरण. ग्रामपंचायतीत गेलो, तिथं तर नावच नाही. म्हणजे सरकारच्या कागदात ते लेकरू जन्मलंच नव्हतं. अन् जे जन्मलं नाही ते मेलं असं तरी कोण लिहिणार?

बायांनो, मला त्या दिवशी बाबांची पावती आठवली. मी घरी येऊन वहिनीला म्हणलं, तुझं तपासणीचं कार्ड कुठंय? ती म्हणली, लेकरू गेलं मंग कार्ड कशाला ठिवू, फेकलं.

जमिनीचा कागद आपण जीव लावून जपतो. लेकराचा कागद फेकतो. सरकारला हे बरं ठाऊक आहे.

आम्ही नोंद करायची ठरवली. जन्माची अन् मृत्यूची नोंद २१ दिवसांत फुकट होती. महिना उलटला की शपथपत्र अन् वरची परवानगी लागती, वर्ष उलटलं की कोर्टाचा हुकूम. आमचे दहा महिने झाले होते. माझा भाऊ म्हणला, "मेलेल्या लेकराचा दाखला काय चाटायचा हाय का? कामून लोकांच्या दारात फिरायलीस?" ग्रामसेवकसुदिक तेच म्हणले, जरा गोड शब्दांत. तीन चकरा झाल्या, मजुरीचे तीन दिवस बुडाले. शेवटी नोंद झाली. जन्माच्या ठिकाणाच्या रकान्यात त्यांना दवाखाना किंवा घर लिहायचं होतं. वहिनी म्हणली, आखाडा लिवा. नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे.

आता ह्यातला घाटा पण सांगते, कारण घाटा लपवून संघटना चालत नाही. जननी सुरक्षाचे ७०० रुपये आपल्या महाराष्ट्रात दोन जिवंत जन्मांपर्यंतच मिळतात, अन् आईचं वय १९ च्या वर लागतं. वहिनीला आता सातवा महिना आहे. पहिला मुलगा घरी आहे. दुसरी मुलगी आम्हीच धडपड करून कागदावर आणली. म्हणजे हे तिसरं. नोंद केली नसती तर ७०० मिळाले असते. मी वहिनीला हे समजावून सांगितलं तवा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मंग म्हणली, "सातशे गेले तर जाऊ दे. ती झाली होती, हे तर खरं हाय ना." मी तिच्यापुढं काय बोलणार. पण ही अट मला पटत नाही, अन् तुम्हालाही पटू नये. जिचं लेकरू हाती लागत नाही तिलाच दोनची मोजणी लावायची, हा कुठला हिशेब? अन् १९ ची अट. आपल्यात लग्नं लवकर होतात, ते वाईटच आहे, त्याच्यावर आपण वेगळं भांडतो. पण सतरा वर्षाच्या पोरीचं बाळंतपण जास्त धोक्याचं, अन् तिलाच मदत नाही.

७०० चं अजून एक आहे. जातीचा दाखला मागतात. आदिवासीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. मराठवाड्यात जमिनीचा जुना कागद म्हणजे खासरा. ज्याच्या आज्याच्या नावानं जमीन नव्हती त्याचा खासऱ्यात पत्ता नाही. खासरा नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून बाळंतिणीला सातशे नाहीत. कुठून सुरू झालं अन् कुठं आलं बघा. म्हणून जे म्हणतात की ताई तू जमिनीच्या शिबिरात दवाखाना कामून काढलास, त्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

बरं, एक चांगली गोष्ट. गेल्या वर्षी जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आलाय. ह्याला दोन लेकरांची अट नाही, वयाची अट नाही, दारिद्र्यरेषेचा कागद नाही. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या कोणत्याही बाईचं बाळंतपण फुकट. सिझर झालं तरी फुकट. औषध, रक्त, तपासणी फुकट. साधं बाळंतपण असलं तर तीन दिवस जेवण, सिझरला सात दिवस. घरून दवाखान्यात न्यायला गाडी, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर गाडी, घरी सोडायला गाडी. अन् लेकरू तीस दिवसांचं होईस्तोवर आजारी पडलं तर त्याचंही सगळं फुकट. नंबर १०२. तिन्ही गाड्या लक्षात ठेवा, कारण पहिली कधीमधी येती, तिसरीला हमखास "डिझेल नाही" असतं. ज्या बाईकडून डिझेलचे पैसे घेतले, बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, तिनं ती चिठ्ठी, ते बिल ठेवायचं. फेकायचं नाही. ती आपली दंडाची पावती आहे.

सिस्टरबाईवर सगळा राग काढायचा का? मी पण काढला होता. मंग मी त्या उपकेंद्राच्या भिंतीवरचा नकाशा वाचला. एका सिस्टरकडं सहा गावं, दोन वाड्या अन् एक तांडा. माणसं मोजली तर पाच हजाराच्या वर जातात. राहायच्या खोलीला दार आहे, पाणी नाही. सरकारचा नियम असा आहे की सपाट भागात ५००० लोकांमागं एक उपकेंद्र, अन् आदिवासी-डोंगरी भागात ३००० मागं एक. प्राथमिक आरोग्य केंद्राला तसंच, तिकडं ३०,००० अन् इकडं २०,०००. मंग आपण कशात? आपण आंध आदिवासी, पण हिंगोली जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट आहे. आपली सोयरीक तिकडंच आहे, माझी आत्या तिकडंच दिली आहे. आत्याचं गाव आदिवासी क्षेत्र, अन् तिच्या भावाचं गाव नाही. कळमनुरीला आदिवासी प्रकल्पाचं ऑफिस आहे, म्हणजे आदिवासी आहेत हे सरकारला मान्य आहे. पण जिथं राहतात ती जमीन आदिवासींची आहे, हे मान्य नाही. बाळंतपणाच्या आधी दवाखान्याजवळ येऊन राहायची सोय, जिला माहेरघर म्हणतात, ती योजना अशीच जाहीर आदिवासी भागासाठी निघालेली आहे. आमच्या ओढ्याला मात्र नकाशातली रेघ माहीत नाही. तो श्रावणात फुगतोच.

आता आपल्या कायद्याकडं येते. वनहक्क कायद्याचं कलम ३(२). दाव्यांच्या नादात हे कलम आपण वाचतच नाही, मी पण वर्षभर वाचलं नव्हतं. त्यात लिहिलंय की गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येती: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता, अशा तेरा गोष्टी. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायची नाहीत, अन् ग्रामसभेची शिफारस पाहिजे. दिल्लीला जायची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव रेंज ऑफिसला, तिथून डीएफओकडं.

आमच्या रस्त्याचं मुरूमकाम दोनदा थांबलं. दोन्ही वेळा "फॉरेस्टची हद्द" म्हणून. पंचायतीचे लोक हात वर करून मोकळे. मी अन् माझा भाऊ, तोच दाखला चाटायचा का म्हणणारा, आम्ही दोरी घेऊन मोजलं. जंगलातला तुकडा दीड किलोमीटर भरला. रस्ता चार मीटर रुंद धरला तर सहा हजार चौरस मीटर. हेक्टर म्हणजे दहा हजार. म्हणजे आमचा रस्ता दीड एकरात बसतो, कायद्याच्या हद्दीत. वाटेत तोडावी लागतील अशी मोठी झाडं मोजली, बावीस. इतकी वर्षं जो रस्ता होऊच शकत नाही असं सांगत होते, तो दोरीनं दोन तासांत कायद्यात बसला. बारावीचं गणित कधीतरी कामाला आलं. (हशा.)

ग्रामसभेत ठराव मांडला तवा काय झालं ते ऐका. सरपंच म्हणले, "बाळंतपणासाठी रस्ता असं नका लिवू, शेतमालासाठी रस्ता लिवा, जोर येतो." हळद काढून न्यायला रस्ता पाहिजे, हे खरंच आहे. पण हळद कोण काढतं? पोटुशी बाई आठव्या महिन्यात हळदीच्या कढईपाशी उभी असती, वाफेत. तिच्या रक्ताचं प्रमाण कुणी बघितलं? बाया अडून बसल्या. शेवटी ठरावात दोन्ही लिहिलं, पण आधी बाळंतिणीचं अन् मंग हळदीचं. त्या मुलीची जन्म-मृत्यूची नोंद आम्ही ठरावाला जोडली. वहिनीनंच सांगितलं जोडायला. आखाडा हा शब्द तिथं कामाला आला, कारण दवाखाना अन् घर ह्यांच्या मधी ती कुठं जन्मली हे साहेबाला त्या एका शब्दात कळतं. पोच घेतली आहे. शिक्का, तारीख, सही. पेटीत बाबांच्या पावतीशेजारी ठेवली आहे.

अजून मंजुरी आली नाही. आली असं मी सांगणार नाही. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, त्या आमच्या समितीत कागदावर होत्या. आता त्या खरंच बसतात, एवढं झालं.

अंगणवाडीचं थोडक्यात. १३ डिसेंबर ही तारीख आपल्याला पाठ आहे, २००५ ची. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच तारखेला, १३ डिसेंबर २००६ ला, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली ४० लेकरं आहेत अन् अंगणवाडी नाही, तिथं लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. चाळीस नसली तर मिनी अंगणवाडी असती. आमच्या वाडीत मी मोजली, एकतीस. ज्यांच्या वाडीत चाळीसच्या वर आहेत त्यांनी आजच हात वर करा, अर्ज हितंच लिहू. अन् अंगणवाडीतून गरोदर बाईला जे पाकीट मिळतं, त्याबद्दल बोलू नये इतकं बरं. आमच्याकडं बकरी सुदिक हुंगून बाजूला होती. पण ते घेतलं नाही तर रजिस्टरला "वाटप झाले" लिहितातच. म्हणून घ्यायचं, अन् कसं आहे ते ग्रामसभेत ताटात काढून दाखवायचं.

सुईणीबद्दल एक शब्द. शिबिरांत येणारे शिकलेले लोक सुईणीला अडाणी म्हणतात. त्या रात्री त्या आखाड्यात दुसरं कोण होतं? गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग अन् राणी बंग ह्यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, की नुकतं जन्मलेलं लेकरू गरम कसं ठेवायचं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतू झाले तर कोणतं औषध. तीन वर्षांत तिथं एक महिन्याच्या आतल्या लेकरांचं मरण शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झालं. त्यातल्या कितीतरी बाया जेमतेम शाळा शिकलेल्या. आमच्या सुईणीला कुणी हे शिकवलं असतं तर? मी हा प्रश्न तिच्यापुढं काढत नाही. ती अजून त्या आखाड्याच्या वाटेनं जात नाही.

२००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवायचं काम सुरू आहे: ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती अन् आपल्या मराठवाड्यातलं उस्मानाबाद. तिथं जनसुनावणी होती. डॉक्टर, अधिकारी समोर बसतात अन् बाया माईकवर सांगतात, अमुक तारखेला कुलूप होतं, अमुक तारखेला पैसे मागितले. हिंगोली त्या यादीत नाही. पण जनसुनावणीला यादी लागत नाही. मंडप लागतो अन् तारखा लागतात. मंडप आपण जमिनीसाठी दहादा घातलाय. तारखा नाहीत आपल्याकडं. "एकदा गेलो तर कुलूप होतं" ह्याला साहेब हसतो. "बुधवारी, ह्या तारखेला, सकाळी सात वाजता, सोबत हे दोन साक्षीदार" ह्याला हसत नाही. उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये बिनबंधनाचे येतात, गावाच्या आरोग्य समितीला वेगळे १०,०००. ते कशावर खर्च झाले, हे दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारता येतं, अन् दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही. आमच्या समितीत कोण कोण आहे हे आम्हाला अर्ज केल्यावर कळलं. त्यातली एक बाई तीन वर्षांमागं वारलेली आहे.

तर काम असं. प्रत्येक वाडीतून एक बाई अन् एक गडी, दोघांनी मिळून एक वही करायची. शंभर पानी पुरे. गरोदर बाया किती, कितवा महिना, कार्ड कुणाच्या घरी, सिस्टर कोणत्या तारखेला आली, १०२ ला फोन कधी लावला अन् गाडी किती वाजता आली. लेकरू गेलं असलं तर २१ दिवसांच्या आत ग्रामसेवकाकडं नोंद. जुनं असलं तरी सांगा, वर्षाच्या आतलं असलं तर मी सोबत येते. आशाताईला सोबत घ्या, तिला कामाप्रमाणं पैसे मिळतात, पगार नाही. ती आपल्यातलीच आहे.

वहिनीचे दिवस आषाढात भरतात. तोवर रस्ता होणार नाही हे मला दिसतंय. म्हणून आम्ही ठरवलंय की पाऊस लागायच्या आधी तिला कळमनुरीत एका पाहुण्याकडं नेऊन ठेवायचं. तिच्या मुलाला मी सांभाळीन. पाहुण्यांची खोली एकच आहे, अन् पंधरा-वीस दिवसांचा दाणागोटा आपण द्यायला पाहिजे. ज्यांच्याकडं जास्तीची ज्वारी आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. अजून दोघीजणी ह्याच महिन्यांतल्या आहेत, एक पलीकडच्या वाडीची, तिच्या घरचं कुणी आलंय का? आलं असलं तर हात वर करा. बरं. तुमच्याकडं कार्ड आहे का तिचं? बघा घरी. चुलीमागच्या खोपड्यात नाही, पेटीत ठेवा.